प्रत्ययाआधीची पायरी: मराठीतले सामान्यरूप

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ होतो: स, ला, ते, ने, ए, शी... पण प्रत्यय लागण्यापूर्वी नाम बहुधा आपले रूप बदलते. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात, आणि मराठी विभक्तीचे मर्म तेच आहे.

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यातलेच शब्द घेऊ. 'कोयता'चे सामान्यरूप 'कोयत्या'. त्याला 'ने' लावले की 'कोयत्याने', 'साठी' जोडले की 'कोयत्यासाठी'. नुसते 'कोयत्या' मात्र वाक्यात एकटे उभे राहत नाही.

सामान्यरूप कसे होणार हे नामाचे लिंग आणि शेवटचा स्वर ठरवतात. बैल पुल्लिंगी, म्हणून 'बैलाला'. गुऱ्हाळ नपुंसकलिंगी, म्हणून 'गुऱ्हाळात'. वाट स्त्रीलिंगी, तिचे 'वाटेला'. 'मोळी' एकवचनात बदलतच नाही: 'मोळीला'. अनेकवचनात मात्र सगळीकडे अनुस्वार येतो: बैलांना, वाटांना, मोळ्यांना.

आकारान्त विशेषणही सोबत बदलते. मोठा बैल, मोठी मोळी, मोठे गुऱ्हाळ ही तीन रूपे प्रत्ययापुढे एक होतात: मोठ्या बैलाला, मोठ्या मोळीला, मोठ्या गुऱ्हाळात.

ऱ्हस्व-दीर्घाचे कोडेही इथेच सुटते. ऊस पण उसाला, गूळ पण गुळाला. शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई किंवा ऊ असेल, तर तत्सम शब्द वगळता सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. शासनाने 1962 मध्ये स्वीकारलेल्या लेखननियमांतही हे सांगितले आहे.

आता गावांची नावे पाहा. पुणे, न्हावरे ही एकारान्त नावे बदलतात: पुण्याला, न्हावऱ्याला. शिरूर, दौंड, यवत मात्र 'ला'पुढे जशीच्या तशी राहतात: शिरूरला, दौंडला, यवतला. पण 'त' लावायचा झाला, तर 'शिरुरात' असे आकारान्त सामान्यरूप करावे लागते आणि 'रू'चा 'रु' होतो. भीमा नदीला पूर आला की आपण 'भीमेला पूर आला' म्हणतो. गावाचे नाव असले की सहसा 'कोरेगाव भीमाला' म्हणतो. गावाचे नाव अनेकदा आपले मूळ रूप जपू पाहते, ते असे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. मुलांकडून प्रत्ययांचा तक्ता पाठ करून घेण्याआधी त्यांच्या ओळखीच्या शब्दांची सामान्यरूपे बोलून घ्या. ती तोंडात बसली की विभक्तीही कळते आणि शुद्धलेखनही सुधारते.