उतरता रस्ता : बिदर ते मळखेड

डोंगरातली नदी आणि तिच्या दरीकडेने जाणारा गाडीरस्ता म्हटले की आपली गाडी आपसूक सह्याद्रीकडे वळते. बिदर-कलबुर्गीकडे मराठी माणूस जातो तो बहुधा गाणगापूरला, तेही सोलापूर-अक्कलकोटच्या बाजूने. त्यामुळे हा सगळा मुलूख सपाट आणि तुरीचा, अशी समजूत घट्ट होऊन बसली आहे. 2017 साली सुरू झालेल्या बिदर-कलबुर्गी लोहमार्गासाठी मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरहून लांब बोगदा खोदावा लागला, एवढे सांगितले तरी ती डळमळीत व्हावी.

इथे डोंगर चढायचा नसतो, उतरायचा असतो. बिदर पठाराच्या माथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंच. तिथून मन्नाएखेळ्ळी, चिंचोळी, सेडम असे दक्षिणेला येत मळखेडला पोचलो की उंची चारशेच्या आसपास येते. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रस्ता नदीला सतत चिकटून जात नाही, पण पाणी ज्या बाजूला उतरते त्याच बाजूला तोही उतरतो, आणि उतरताना जमिनीचे थर एकेक करून उघडे पडत जातात.

सर्वांत वरचा थर जांभ्याचा. कोकणात घरे बांधतात तोच जांभा, समुद्रापासून इतक्या आत. तो पाणी पितो. त्याखालचा काळा बसाल्ट ते सहज आत घेत नाही. दोहोंच्या सांध्यावर झरे फुटतात. नानक झिरा आणि नरसिंह झिरा या बिदरच्या दोन्ही तीर्थांचे पाणी असेच झिरपून आलेले. बहामनी काळात इराणी पद्धतीने जमिनीखाली खोदलेला नौबादचा करेझ, म्हणजे पाण्याचा भुयारी मार्ग, हाही याच जांभ्यातून जातो. किल्ला आणि मदरसा पाहून लोक परततात. करेझची भुईसपाट तोंडे पाहणारे थोडे.

चिंचोळी तालुक्यात शिरले की रस्त्याला वळणे लागतात. बसवकल्याणच्या बाजूने आलेली मुल्लामारी नदी याच तालुक्यातून पुढे कागिणा नदीला मिळते. तिला येऊन मिळणाऱ्या सरनाल्यावर चंद्रमपळ्ळीचे धरण आहे, आणि भोवताली साग व झुडपी रान. तेलंगणाच्या हद्दीलगतच्या कुंचावरमच्या डोंगरांत एत्तिपोता धबधबा आहे. तो जुलै ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात जाऊन रुसू नये. सुमारे 135 चौरस किलोमीटरचे हे रान 2011 साली अभयारण्य झाले. आत लमाणांचे तांडे आहेत. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर कन्नड, तेलुगू, दखनी आणि मोडकी मराठी एकाच वेळी कानावर पडते. 1956 पर्यंत निलंगा, उदगीर आणि अहमदपूरही बिदर जिल्ह्यातच होते, हे इथे आठवायला हवे.

सेडमकडे उतरताना काळा बसाल्ट मागे पडतो आणि राखाडी, निळसर, पानांची चवड रचावी तसा आडव्या थरांचा दगड दिसू लागतो. हीच आपली शहाबादी फरशी. मोरीत, ओसरीवर, शाळेच्या वर्गात, स्वयंपाकाच्या ओट्याला आपण आयुष्यभर जिच्यावर वावरलो ती. भूशास्त्रात हा भीमा खोऱ्याचा चुनखडक. दख्खनचा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा निदान पन्नास कोटींहून जुना. उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. ज्वालामुखीच्या लाव्ह्याने तो झाकला, नद्यांनी पुन्हा उघडा केला.

खाणीवर जरा थांबावे. कामगार थराच्या कडेला छिन्नी लावून हलके ठोके देत सरकतो, मग पहार घालून रेटतो आणि अख्खे पान सुटून वर येते. वाजवून पाहतात: खणखणीत वाजली तर फरशी, बद्द वाजली तर चीर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशा फरश्या उभ्या रचलेल्या असतात. याच दगडावर सेडम, मळखेड आणि वाडीचे सिमेंट कारखाने उभे आहेत. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या चवीचे श्रेयही इथल्या जमिनीतल्या चुन्यालाच देतात. सिमेंटची धूळ त्याच तुरीवर बसते, हेही दिसल्याशिवाय राहत नाही.

आणि मळखेड. कागिणेच्या काठचे हे गाव म्हणजे राष्ट्रकूटांची मान्यखेट. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्याचे, ते राजधानी इथे येण्याआधीचे. नवव्या शतकात अमोघवर्षाने साठाहून अधिक वर्षे राज्य केले. कन्नडमधला आद्य उपलब्ध ग्रंथ ‘कविराजमार्ग’ त्याच्याच दरबारातला. दहाव्या शतकात पुष्पदंताने इथेच बसून अपभ्रंशात ‘महापुराण’ रचले. मराठीच्या पूर्वरूपाचा अभ्यास करणाऱ्याला अपभ्रंश टाळता येत नाही, आणि हा ग्रंथ संपादून छापला तो डॉ. प. ल. वैद्य यांनी. म्हणजे मळखेड आपल्याला वाटते तितके परके नाही. 972 साली माळव्याच्या सीयक परमाराने राजधानी लुटली आणि गावाचे दिवस फिरले.

आज किल्ल्याच्या भिंती त्याच चुनखडकाच्या, झाडोऱ्यात अर्ध्या बुडालेल्या. नेमिनाथाची जुनी बसदी आहे. काठावर उत्तरादी मठात टीकाचार्य जयतीर्थांचे वृंदावन आहे. कागिणा चढली की मठात पाणी शिरते. इतक्या मोठ्या राजधानीची ही दशा खटकते, पण तिथे जायचे ते भव्यता पाहायला नव्हेच. नदीकडच्या बुरुजाच्या पायथ्याशी उभे राहिले की खालचा नैसर्गिक थर कुठे संपतो आणि वर माणसाने रचलेला दगड कुठे सुरू होतो, हे पटकन सांगता येत नाही.

इथून कागिणा चित्तापूर, शहाबादकडे जाते आणि होनगुंट्याला भीमेला मिळते. मुक्कामाला कलबुर्गी गाठायचे असेल तर दिवस मावळायच्या आत निघावे. सिमेंट आणि फरशीच्या ट्रकांची रांग अंधारात या रस्त्यावर फार त्रास देते.