बॅटरी नाही, तरी रोधकात गोंगाट!



"बॅटरी काढली की रोधकातली धारा शून्य," असं मी दहावीला वर्षानुवर्षं शिकवत आलो. सरासरी काढली तर ते खरंच आहे. पण क्षणाक्षणाला पाहिलं तर नाही. उष्णतेमुळे आतले इलेक्ट्रॉन सतत सैरावैरा धावत असतात आणि रोधकाच्या टोकांमध्ये इवलंसं विभवांतर येत-जात राहतं. हाच थर्मल नॉइज. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख 1928 सालचे.

कणशोधकात हा गोंगाट महत्त्वाचा ठरतो, कारण तिथला संदेशच अगदी क्षीण असतो. रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर घ्या. काचेच्या किंवा बॅकेलाइटच्या (जुन्या काळ्या बटणांचं असायचं तेच!) दोन पाट्या, मधल्या सुमारे 2 मिलिमीटर फटीत वायू आणि पाट्यांवर हजारो व्होल्ट. कण गेला की वायूत इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो. पाटीचा रोध प्रचंड असल्याने विभवांतर तेवढ्याच ठिपक्यापुरतं पडतं, ठिणगी पसरत नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये असे काचेचे शोधक बनवले गेले आहेत.

एका मुलीने विचारलं, "सर, एवढा रोध, मग गोंगाटही जास्तच ना?" मी पटकन "हो" म्हणालो. तिथंच चुकलो.

गोंगाटाचं विभवांतर रोधाच्या वर्गमूळाच्या पटीत वाढतं, हे बरोबर. पण धारा म्हणजे विभवांतर भागिले रोध. म्हणून गोंगाटाची धारा उलट कमी होते! 300 केल्विनला, 1 मेगाहर्ट्झ पट्ट्यात, 1 किलोओहममधून सुमारे 4 नॅनोअँपिअर, तर 1 गिगाओहममधून फक्त 4 पिकोअँपिअर. शोधकाचा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा प्रभारच गोळा करतो, म्हणजे त्याला त्रास होतो तो धारेचा. त्यामुळे संदेशाला समांतर जोडलेला रोध जितका मोठा तितका बरा. संदेशाच्या वाटेतच, म्हणजे एकसर जोडणीत असलेला रोध मात्र लहान हवा. तिथं गोंगाटाचं विभवांतर सरळ संदेशात मिसळतं.

थंड करून भागेल का? द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनला नेलं तरी गोंगाट जेमतेम निम्मा होतो, कारण तिथंही वर्गमूळच. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, "काल माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं," आणि वरचं गणित तिलाच फळ्यावर करायला लावलं.