सशाच्या पिल्लाचं पोट पुन्हा पुन्हा का बिघडतं?

देऊळघाटसारख्या गावात सशाचं पिल्लू घरी आलं की पुढ्यात गाजर येतं, पोळीचा तुकडा येतो, कुणी बिस्किटही देतं. काही दिवसांत लेंड्या बारीक पडतात, नाहीतर पातळ होतात. औषधाने बरं वाटतं, पुन्हा तेच.

सशाचा चारा जठरात फारसा पचत नाही. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची मोठी पिशवी, म्हणजे अंधनाल, गोबरगॅसच्या टाकीसारखी चालते: आतले जिवाणू चोथा आंबवतात. त्यातून काळसर, मऊ, घोसासारख्या चिकटलेल्या लेंड्या तयार होतात. ससा त्या थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. त्यांतून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. त्या जमिनीवर पडलेल्या दिसल्या, की घरच्यांना हगवण वाटते.

चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लाचं दूध सुटत असतं आणि हे जिवाणू नुकतेच स्थिरावत असतात. अशा वेळी पिठूळ, गोड खाणं अंधनालात पोहोचलं, की घातक जिवाणू फोफावतात. चोथा कमी पडला, तर आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो.

म्हणून वाळलेलं गवत आणि पाणी सतत समोर हवं. नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक अंधनालातले उपयोगी जिवाणू मारतं आणि सशाच्या जिवावर बेततं. दहा-बारा तास खाणं किंवा लेंडी बंद असेल, तर त्याला लगेच पशुवैद्यकाकडे न्यावं.