दाढेपेक्षा भीतीच जास्त ठणकते

दातांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. मग आज जाऊ, उद्या जाऊ असं म्हणता म्हणता महिने उलटतात. पण ज्या दुखण्याला घाबरून आपण जायचं टाळतो, ते दुखणं टाळाटाळीमुळेच वाढत असतं.

रात्रीचे दोन वाजले आहेत. नोएडातल्या एका सोसायटीत नवव्या मजल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लागतो. घरातली गृहिणी लवंग शोधते आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे येऊन तिला दोन वर्षं झाली, पण दाढ त्याआधीपासूनच कुरकुरते आहे. सकाळी नवरा म्हणतो, "आज डॉक्टरांकडे जाऊनच ये." ती म्हणते, "अहो, आता थांबलंय दुखायचं. दिवाळीनंतर बघू." शाळेच्या बुटांच्या नाड्या बांधत त्यांची सात वर्षांची मुलगी हे सगळं ऐकत असते.

हे घर काल्पनिक आहे, पण असा संवाद कितीतरी घरांत होतो.

भीती नेमकी कशाची?

कुणाला सुईची भीती वाटते, कुणाला मशीनच्या आवाजाची. कुणाच्या मनातून लहानपणी उपटलेला दात जात नाही. "इतके दिवस काय करत होतात?" असं डॉक्टर सर्वांसमोर विचारतील, ही धास्तीही असते. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे असहायता. खुर्चीत आडवं पडलेलं, तोंड उघडं, बोलता येत नाही आणि काय चाललंय ते दिसत नाही.

ही भीती म्हणजे नुसता भित्रेपणा नव्हे. अमेरिकेतल्या नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये ती मोजण्यासाठी चार प्रश्नांची पट्टी तयार केली. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या जेरी हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात पाचवा प्रश्न घातला. तो हिरडीतल्या इंजेक्शनचा होता.

घरापासून दूर राहणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. 'ठणका', 'सणक', 'दात शिवशिवतात' हे हिंदीत सांगायचं कसं? पण डॉक्टरांना शब्दांपेक्षा खुणा महत्त्वाच्या असतात. थंड लागल्यावर कळ येऊन लगेच थांबते का? गरम चहानंतर बराच वेळ ठणकत राहतं का? रात्री झोपेतून जाग येते का? चावताना दुखतं का? याची उत्तरं कागदावर लिहून नेली तरी निम्मं काम होतं.

थांबलेलं दुखणं फसवं

कीड वरच्या थरात असते तेव्हा ती कोरून सिमेंट भरलं की बहुधा भागतं. ती नसेपर्यंत पोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो आणि सहसा रूट कॅनाल करावं लागतं. मग एक दिवस दुखणं आपोआप थांबतं. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो, पण अनेकदा आतली नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाकडून हाडात उतरत असतो. लवंगेतल्या युजेनॉलने घटकाभर बधिरपणा येतो, पण कीड जात नाही. दुखऱ्या दातापाशी अॅस्पिरिनची गोळी दाबून धरली तर हिरडी भाजते, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नस सुजलेली असताना किंवा पू झालेला असताना बधिर करण्याचं औषध नीट लागू पडत नाही. म्हणजे उशिरा गेल्यामुळेच त्रास जास्त होतो आणि मनातली भीती खरी ठरते. गाल किंवा मानेवर सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास अशी लक्षणं दिसली तर मात्र तडक मोठं रुग्णालय गाठावं.

काळ बदलला आहे

दात काढताना वेदना होऊ नयेत म्हणून अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. आज सर्रास वापरलं जाणारं लिडोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. हवेवर वेगाने फिरणारं ड्रिल १९५७ मध्ये आलं. सुईआधी हिरडीवर लावायची बधिर करणारी जेलही मिळते. आजीने सांगितलेल्या गोष्टी तिच्या काळापुरत्या खऱ्या होत्या.

भीती घालवायची कशी?

पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि बोलणं एवढंच ठरवावं. "मला फार भीती वाटते," हे आधीच सांगून टाकावं. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं, अशी खूण ठरवून घ्यावी. थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं की निम्मी भीती ओसरते. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायची विनंती करावी आणि खर्चाचा अंदाजही आधीच विचारावा. सकाळची वेळ घ्यावी, थोडं खाऊन जावं, सोबत कुणाला तरी न्यावं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण किंवा चालू औषधं लपवू नयेत. काही इंजेक्शनांत अॅड्रिनलिन असतं. त्याने क्षणभर छाती धडधडली तर घाबरू नये, डॉक्टरांना सांगावं.

खर्चाची चिंता असेल तर दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. ग्रेटर नोएडाच्या नॉलेज पार्क भागात शारदा विद्यापीठाचं आणि आयटीएस अशी महाविद्यालयं आहेत. दिल्लीत मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण पैसे सहसा कमी लागतात.

मुलं सगळं पाहत असतात

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून बरेच पालक दुर्लक्ष करतात. "दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील," ही धमकी तर कधीच देऊ नये. आईबाबांची भीती मुलांमध्ये न शिकवता उतरते, तसा धीरही उतरतो.

म्हणून त्या नवव्या मजल्यावरच्या आईने दिवाळीची वाट पाहू नये. तपासणीला जाताना लेकीलाही बरोबर न्यावं. खुर्ची वरखाली होते, छोटा आरसा तोंडात जातो आणि आई हसत खाली उतरते, एवढं तिने पाहिलं तरी पुष्कळ आहे. उद्या तिचा नंबर लागेल तेव्हा ती आईचा हात सोडून स्वतःच खुर्चीत चढेल.