काटकसरीचे बिल उशिरा येते

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पनवेल सोडले की पळस्प्यानंतर कोन लागते. येथील उंच इमारतींमधली २,४१७ घरे डिसेंबर २०१६ च्या सोडतीत मुंबईच्या गिरणी कामगारांना लागली. ‘एमएमआरडीए’च्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतली ही छोटी घरे. आयुष्यभर चाळीत काढलेल्या, आता सत्तरीकडे झुकलेल्या माणसांना ती मिळायची होती. ताबा मिळण्याआधी २०२० साल उजाडले आणि करोनाच्या विलगीकरण केंद्रासाठी या इमारती घेण्यात आल्या. साथ ओसरल्यावर घरांची दुरुस्ती निघाली, ती कोणी करायची यावरून दोन सरकारी यंत्रणांमध्ये पत्रव्यवहार रंगला आणि अनेकांना चावी हातात पडायला आणखी काही वर्षे गेली.

साथीत माणसांना ठेवायला जागा हवीच होती, तेव्हा इमारती घेण्याचा निर्णय चुकला असे कोणी म्हणणार नाही. पण हिशेब म्हणून या प्रसंगाकडे पाहावे. पनवेल महापालिका तेव्हा चार वर्षांचीही नव्हती आणि तिच्याकडे स्वतःचे मोठे रुग्णालय नव्हते. बऱ्या दिवसांत जी सोय उभी राहिली नाही, तिची किंमत वाईट दिवसांत वसूल झाली आणि त्यातला मोठा वाटा निवृत्त गिरणी कामगारांनी भरला. कोणत्याही अर्थसंकल्पात ही रक्कम कुठे लिहिलेली सापडणार नाही.

पालिकेकडे पैसे नसले की आरोग्याचे नेमके काय होते, हा प्रश्न पनवेलपुरता नाही. पण तो समजून घ्यायला पनवेल चांगले उदाहरण आहे. १८५२ साली स्थापन झालेली इथली नगरपालिका राज्यातल्या सर्वात जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडको वसाहती आणि २९ गावे जोडून तिची महापालिका झाली. लोकसंख्या आणि जबाबदारी एका रात्रीत वाढली. उत्पन्न मात्र तसे वाढले नाही. पहिली काही वर्षे वसाहतींमध्ये मालमत्ता कराची बिलेच गेली नाहीत. २०२१ मध्ये ती आली तेव्हा २०१६ पासूनची थकबाकी घेऊन आली. ‘त्याच काळात आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, मग एकाच कामाचे दोनदा पैसे का?’ असे रहिवासी विचारू लागले. प्रकरण न्यायालयात गेले, दंडाचे आकडे फुगत गेले. रहिवाशांचा प्रश्न रास्त आहे. पण वाद जेवढी वर्षे चालतो तेवढी वर्षे कचरा उचलायचा असतो, औषध फवारायचे असते आणि लसही टोचायची असते, हेही तितकेच खरे.

बाकीच्या महापालिकांची तऱ्हा फार वेगळी नाही. जकात गेली, मग स्थानिक संस्था कर आला आणि गेला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याकडून दरमहा येणाऱ्या भरपाईवर बहुतेकांचा संसार चालतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये देशातल्या महापालिकांचे हिशेब तपासले तेव्हा त्यांचे एकूण उत्पन्न दशकभर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपासच अडकलेले दिसले. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण सात टक्के आहे.

आता आयुक्तांच्या खुर्चीत बसून पाहा. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचा हप्ता आणि पाणी उपसण्याच्या पंपांचे वीजबिल यांना हात लावता येत नाही. उड्डाणपुलाच्या ठेकेदाराला आधीच शब्द दिलेला. मग उरते काय? कंत्राटी फवारणी कामगारांची संख्या, अळीनाशकाची खरेदी, गळक्या जलवाहिनीची दुरुस्ती, रिक्त पडलेली परिचारिकेची जागा. या गोष्टी कापल्या तर दुसऱ्या दिवशी कोणीही मोर्चा आणत नाही. कारण या खर्चातून शहर जे विकत घेते ते दिसतच नाही: न झालेला डेंग्यू, न पसरलेली कावीळ.

डेंग्यूचेच घ्या. त्याचा डास, एडिस, साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर आठवड्यातून एकदा तपासायचे असतात. ‘कोरडा दिवस’ आठवड्याला एक असतो तो याच कारणाने. समजा, माणसे कमी केली आणि तीच फेरी पंधरा दिवसांनी होऊ लागली. हिशेबाच्या वहीत खर्च निम्म्यावर येतो. डासाच्या दृष्टीने मात्र काम निम्मे झालेले नसते, जवळजवळ बंदच झालेले असते. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक अख्खी पिढी उडून जाते. रुग्णाला चावल्यावर डासाच्या शरीरात विषाणू तयार व्हायला आणखी आठ-बारा दिवस, नव्या माणसाला ताप यायला चार ते दहा दिवस. म्हणजे चुकलेल्या फेरीचा ताप महिनाभराने दिसतो. तेव्हा पालिका धूर फवारते, आणि तो तरी सगळ्यांना दिसतो.

डासाचे बिल महिन्याने येते. क्षयाचे यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि त्याचा सर्वात तपशीलवार ताळेबंद न्यूयॉर्कमध्ये मिळतो.

१९७५ मध्ये हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. बँकांनी नवे कर्ज नाकारले, केंद्र सरकारने सुरुवातीला हात वर केले. हजारो कर्मचारी कमी झाले, अग्निशमन केंद्रे बंद झाली, आरोग्य विभाग आक्रसला. क्षयरोग तेव्हा ओसरत होता. १९७८ मध्ये नव्या रुग्णांची संख्या १,३०७ पर्यंत खाली आली होती. मरत्या रोगावर कोण पैसे घालणार?

इथे एक बारकावा आहे आणि मला तो साऱ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. क्षयरुग्णांसाठी राखलेल्या खाटा बंद करण्याचा विचार मुळात चुकीचा नव्हता. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये एक प्रयोग झाला होता. क्षयरोग्याला महिनोन्महिने आरोग्यधामात ठेवण्याऐवजी घरीच गोळ्या दिल्या तर? डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये उत्तर जाहीर केले: घरी राहून उपचार घेणारे जवळजवळ तितकेच बरे होतात आणि घरच्यांना होणारा धोकाही त्यामुळे वाढत नाही. अट एकच, गोळ्या नियमित आणि पूर्ण मुदत घेतल्या गेल्या पाहिजेत. एकटा पडलेला माणस बरे वाटू लागताच गोळ्या सोडतो, म्हणून कोणीतरी त्याच्या मागे लागले पाहिजे. न्यूयॉर्कने या शिकवणुकीचा स्वस्त भाग उचलला. खाटा बंद केल्या. पण वाचलेला पैसा वस्तीतल्या दवाखान्यांकडे आणि घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांकडे वळायला हवा होता, तो तूट भरण्यात गेला. मग ते दवाखानेही एकेक करून मिटले.

१९८८ मध्ये हार्लेम रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी, कॅरन ब्रुडनी आणि जे डॉबकिन यांनी, उपचार सुरू करून घरी पाठवलेल्या १७८ क्षयरुग्णांचा माग काढला. त्यातल्या ८९ टक्के लोकांनी उपचार पूर्ण केलेच नव्हते. अर्धवट उपचार म्हणजे क्षयाच्या जंतूला दिलेली शिकवणी. कमकुवत जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि तेच खोकल्यातून पुढे जातात. एप्रिल १९९१ च्या पाहणीत शहरातल्या १९ टक्के रुग्णांमधले जंतू आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नव्हते. १९९२ मध्ये रुग्णसंख्या ३,८११ झाली, १९७८ च्या जवळपास तिप्पट. सगळा दोष कपातीचा नव्हे. एड्सची साथ आणि वाढती बेघरी यांनीही आगीत तेल ओतले. पण आग लागली तेव्हा विझवणारे घरी पाठवले गेले होते.

पुढे शहराला सगळे पुन्हा उभारावे लागले. १९९२ मध्ये डॉ. टॉम फ्रीडन यांच्याकडे क्षयरोग विभाग आला. कार्यकर्ते रुग्णांना शोधत घरी, निवाऱ्यात, रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊ लागले आणि आपल्यासमोर गोळी गिळायला लावू लागले. दोन वर्षांत रुग्ण २१ टक्क्यांनी घटले. मद्रासमध्ये सापडलेले तत्त्व न्यूयॉर्कने अशा रीतीने दामदुप्पट भरून परत घेतले. हेच फ्रीडन १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात आले आणि आपल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमाच्या उभारणीत सहभागी झाले. आपल्याकडे ‘डॉट्स’ हा शब्द घरोघरी गेला तो त्यानंतर.

दामदुप्पट हा शब्दही कमीच पडतो. २००६ मध्ये निकोलस फ्रॉयडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये हा हिशेब मांडला. आर्थिक संकटाच्या काळात शहराने वाचवले सुमारे १,००० कोटी डॉलर. त्या कपातींनी ज्यांना बळ दिले त्या क्षय, एचआयव्ही आणि खूनबाजी या तीन संकटांना आवरण्याचा खर्च झाला ५,००० कोटी डॉलरपेक्षा जास्त. अशा गणितात अनेक गृहीतके असतात, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे धरायला हरकत नाही. तरी एकास पाच हे प्रमाण विसरण्यासारखे नाही.

याहून लांब मुदतीचे बिल फ्लिंटचे. मिशिगन राज्यातल्या या कंगाल शहरावर राज्य सरकारने आणीबाणी प्रशासक नेमला होता. पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचे पाणी बंद करून स्थानिक नदीचे पाणी घेण्यात आले. ते जास्त गंजवणारे होते, पण जलवाहिन्या गंजू नयेत म्हणून घालायचे रसायन घातलेच नाही. त्याचा खर्च, तज्ज्ञांच्या अंदाजाने, दिवसाला साधारण शंभर डॉलर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याने ते पाणी वापरणे सोडले, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. माणसे मात्र आणखी वर्षभर तेच पाणी पीत राहिली. जुन्या नळांतले शिसे मुलांच्या रक्तात गेले. शिशाने मुलांच्या वाढत्या मेंदूला होणारी इजा भरून येत नाही. खटले मिटवायला ६२ कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले.

फ्लिंटमध्ये नगरसभा होती, पण अधिकार प्रशासकाच्या हाती होते. हे वाचताना आपल्याकडची स्थिती आठवल्याशिवाय राहत नाही. पनवेल महापालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि राज्यातल्या बहुतेक महापालिकांप्रमाणे तिथेही पुढची काही वर्षे प्रशासकच अर्थसंकल्प मांडत आणि मंजूर करत होते. प्रशासक वाईट असतो असे नाही; पण ‘आमच्या वॉर्डात दोन महिने फवारणीवाला आला नाही’ असे भर सभेत उठून सांगणारे कोणी उरत नाही. मुंबईचा इतिहास नेमका उलट दिशेने गेला होता. १८६५ मध्ये कापसाच्या तेजीचा फुगा फुटला. त्याच वर्षी आयुक्त झालेल्या आर्थर क्रॉफर्ड यांनी गटारे, स्वच्छता आणि मंडया यांवर सढळ हाताने खर्च केला, कत्तलखाना शहराबाहेर वांद्र्याला नेला. पालिका कर्जात गेली, करदाते खवळले आणि १८७१ मध्ये क्रॉफर्ड यांना जावे लागले. त्या भांडणातून १८७२ चा कायदा आला आणि करदात्यांना आपले काही सभासद निवडून पाठवण्याचा हक्क मिळाला. पैशाचा प्रश्न पडला म्हणून शहराने प्रश्न विचारणारी माणसे वाढवली.

कपात कधी करूच नये, असे यातून निघत नाही. मद्रासच्या प्रयोगाने खाटांवरचा खर्च खरोखरच अनावश्यक ठरवला होता. पाहायचे ते हे, की एका जागी वाचलेला रुपया गेला कुठे. दुसरे म्हणजे, ज्या कामाला जीवशास्त्राने वेळापत्रक घालून दिले आहे त्याला हात लावण्याआधी डॉक्टरला आणि कीटकशास्त्रज्ञाला विचारले का? आठवड्याची फेरी, क्षयाच्या गोळ्यांची पूर्ण मुदत, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची रोजची ‘ओटी’ चाचणी ही अशी कामे आहेत. त्यात ‘थोडी कमी’ असे काही नसते. शिवाय रोग हद्द पाहत नाहीत. कोन ग्रामपंचायतीचे गाव आहे, महापालिकेचे नव्हे. पण पनवेलहून संध्याकाळी घरी परतणारा माणूस ताप घेऊन येतो तेव्हा वाटेत कोणी जकात नाका लावलेला नसतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि साथी रोखणे त्यांत येते. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडला जातो आणि बहुतेक पालिका तो संकेतस्थळावर ठेवतात. जाडजूड पुस्तक असते, पण सगळे वाचायची गरज नाही. आरोग्य विभागाची पाने उघडावीत, कीटकनाशके, हिवताप नियंत्रण, पाणी तपासणी या ओळी शोधाव्यात आणि शेजारच्या दोन स्तंभांवर बोट ठेवावे: मागच्या वर्षी ठरवलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम. दोन्हींत मोठा फरक दिसला तर पुढचा प्रश्न आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला विचारायचा. पावसाळ्याआधी विचारलेला बरा.