होळकर युतीत का आले नाहीत?

चांदवडचा रंगमहाल पाहताना अहिल्याबाई होळकर आठवतात. आठवल्याच पाहिजेत. परंतु १८०४ साली इंग्रजांनी हेच चांदवड कसे घेतले, हे कोणी विचारीत नाही.

१८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले इंग्रजांविरुद्ध एकत्र आले. यशवंतराव होळकर आले नाहीत. ‘मराठ्यांची दुही’ म्हणून विषय संपवला जातो. वकिलाचा प्रश्न वेगळा असतो : ज्याच्याशी करार करायचा, त्याला बरोबरीचा पक्षकार मानले होते काय?

यशवंतराव हे तुकोजी होळकरांचे अनौरस पुत्र. वारसा ठरवताना जन्माचा हा शिक्का त्यांच्या आड आणला गेला. १७९७ साली पुण्यात शिंद्यांच्या फौजेने त्यांचे बंधू मल्हारराव यांना ठार केले. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने दुसरे बंधू विठोजी यांना हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे या दोघांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या पदराखाली गेला.

यानंतर, गळ्याशी आल्यावर, भोसल्यांच्या मध्यस्थीने होळकरांशी बोलणी झाली. मुलूख परत देण्याची भाषा झाली. पण सांडलेल्या रक्ताचा हिशेब कागदावर मिटत नाही. होळकरही निर्दोष नव्हते. त्यांच्या फौजेने पुणे लुटले होते, आणि शिंदे लढत असताना ते दूर राहिले.

२३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव. डिसेंबर संपण्यापूर्वी भोसले आणि शिंदे दोघांनीही तह केले. मग १८०४ मध्ये होळकर एकटे उभे राहिले. कर्नल मॉन्सनला त्यांनी पळता भुई थोडी केली, तरी डिसेंबर १८०५ मध्ये त्यांनाही तह करावा लागला. एकेकाला गाठून इंग्रजांनी तिघांना नमवले.

जगातही हेच दिसते. पश्चिम जर्मनीला युद्धानंतर दहा वर्षांत, १९५५ मध्ये, नाटोचे सभासदत्व मिळाले. रशियाला २००२ मध्ये फक्त एका परिषदेत खुर्ची मिळाली. खुर्ची देणे वेगळे, निर्णयात वाटा देणे वेगळे.

आपल्याकडेही निवडणूक आली की ऐक्याच्या बैठका भरतात. बोलावणे जाते, पण मानाचे आणि जागांचे बोलणे शेवटच्या रात्रीवर ठेवले जाते. कालच्या प्रतिस्पर्ध्याला सोबत घ्यायचे असेल तर संकट येण्यापूर्वी त्याचे देणे चुकवा, त्याला बरोबरीने बसवा. अन्यथा चांदवड पुन्हा पुन्हा जाईल आणि आपण दुहीच्या नावाने बोटे मोडत बसू.