रुग्णखाट (घरगुती शुश्रूषा)

रुग्णखाट म्हणजे झोपण्याचा पृष्ठभाग अनेक भागांत विभागलेली व त्या भागांचा कोन बदलता येणारी खाट होय. काही प्रकारांत संपूर्ण खाटेची उंचीही कमी-जास्त करता येते. भारतात ती 'हॉस्पिटल बेड' किंवा 'फाउलर बेड' या नावांनी ओळखली जाते. मूळची रुग्णालयातील ही खाट पक्षाघात, खुब्याचा अस्थिभंग, मणक्याची इजा, पार्किन्सनचा आजार, स्मृतिभ्रंश, हृदयाचे व श्वसनाचे जुनाट विकार तसेच कर्करोगाची अंतिम अवस्था अशा परिस्थितींत घरीही वापरली जाते.

घरी रुग्णखाट आणण्यामागे तीन मुख्य हेतू असतात: अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची स्थिती सहज बदलता येणे, तिला शक्य तितक्या वेळा स्वतः उठता-बसता येणे आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेवरील ताण कमी होणे. चुकीच्या मापाची किंवा चुकीच्या प्रकारची खाट हे तिन्ही हेतू विफल करू शकते. कठड्याच्या फटीत अडकणे, पडणे आणि शय्याव्रण होणे हे तिच्याशी निगडित असलेले प्रमुख धोके आहेत.

इतिहास

'फाउलर' हे नाव अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज रायर्सन फाउलर (१८४८–१९०६) यांच्यावरून आले. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या काळात उदरावरणाचा जंतुसंसर्ग बहुधा प्राणघातक ठरत असे. अशा रुग्णाचे डोके व धड उंच ठेवल्यास दूषित द्रव ओटीपोटाकडे उतरतो व तेथून त्याचा निचरा करता येतो, अशी पद्धत फाउलर यांनी १९०० साली मांडली. ही अर्धबैठी स्थिती पुढे 'फाउलर स्थिती' म्हणून रूढ झाली.

प्रारंभी ही स्थिती साधण्यासाठी उशा रचाव्या लागत किंवा खाटेचे डोक्याकडचे पाय उचलून त्यांखाली ठोकळे ठेवावे लागत. दोन्ही उपायांत रुग्ण खाली घसरत असे. अमेरिकन शल्यचिकित्सक विलिस ड्यू गॅच यांनी १९०९ च्या सुमारास सांध्यांवर दुमडणारी खाट तयार केली. तिच्यात पाठीबरोबर गुडघ्यांखालचा भागही उचलला जात असल्याने घसरणे कमी झाले. आजच्या बहुतेक रुग्णखाटा याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या खाटा रूढ होत गेल्या.

रचना

रुग्णखाटेचा पृष्ठभाग साधारणतः चार भागांचा असतो: पाठीचा, बैठकीचा, मांडीचा आणि पोटरीचा. बैठकीचा भाग स्थिर असतो व इतर भाग बिजागरींवर फिरतात. हाताने चालणाऱ्या खाटेत पायथ्याशी हँडल असते. ते फिरवले की आटे असलेला दांडा पुढे-मागे सरकतो व संबंधित भाग उचलला जातो. विजेच्या खाटेत हेच काम मोटार करते. अशा मोटारी सामान्यतः कमी दाबाच्या, बहुधा २४ व्होल्टच्या, एकदिश प्रवाहावर चालतात.

आट्यांची रचना भार पडला तरी आपोआप उलटी फिरणार नाही अशी असते. त्यामुळे वीज गेली तरी उचललेला भाग एकाएकी खाली कोसळत नाही. मात्र याच कारणाने बॅटरी किंवा हाताने उतरवण्याची सोय नसल्यास वीज येईपर्यंत तो आहे त्याच स्थितीत राहतो.

प्रकार

भारतीय बाजारपेठेत पुढील प्रकार प्रचलित आहेत:

- सेमी-फाउलर खाट: फक्त पाठीचा भाग उचलता येतो. एकच हँडल असते.
- फाउलर खाट: पाठ व गुडघे असे दोन्ही भाग स्वतंत्रपणे उचलता येतात. दोन हँडले असतात.
- उंची बदलणारी खाट: वरील हालचालींबरोबर संपूर्ण पृष्ठभाग वर-खाली होतो.
- आयसीयू खाट: पाठ, गुडघे व उंची यांखेरीज संपूर्ण पृष्ठभाग डोक्याकडे किंवा पायांकडे उतरता करता येतो. घरगुती शुश्रूषेत या शेवटच्या सोयीची गरज क्वचितच भासते.

'सेमी-फाउलर' ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. बाजारात ती खाटेचा प्रकार दर्शवते, तर शुश्रूषाशास्त्रात ती रुग्णाची स्थिती दर्शवते. सामान्यतः ३० ते ४५ अंशांपर्यंतच्या उंचावलेल्या स्थितीला सेमी-फाउलर, ४५ ते ६० अंशांच्या स्थितीला फाउलर आणि त्यापुढे जवळजवळ ताठ बसण्याच्या स्थितीला उच्च फाउलर म्हणतात.

निवडीचे निकष

रुग्णाची स्थिती

खाटेची निवड आजाराच्या नावापेक्षा व्यक्ती काय करू शकते यावर अवलंबून असते. स्वतः कूस बदलणारी व आधाराने उभी राहणारी व्यक्ती आणि पूर्णतः परावलंबी व्यक्ती यांच्या गरजा भिन्न असतात. ज्या व्यक्तीच्या हाताच्या बोटांत शक्ती आहे व जिला सूचना समजतात, तिला रिमोटवर चालणारी खाट रात्री-अपरात्री कोणालाही न उठवता पाठ उचलण्याचे स्वातंत्र्य देते. हाताने चालणाऱ्या खाटेचे हँडल पायथ्याशी असल्याने रुग्णाला ते स्वतः वापरता येत नाही.

नाकातून घातलेल्या नळीवाटे अन्न दिले जात असल्यास अन्न श्वासमार्गात जाऊ नये म्हणून ते देताना व त्यानंतर अर्धा ते एक तास डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. श्वास लागणाऱ्या रुग्णांनाही पाठ उंच ठेवल्याने आराम मिळतो. अशा रुग्णांसाठी पाठीचा भाग उचलणारी खाट विशेष उपयुक्त असते.

पाठ उचलण्याचे दुष्परिणामही असतात. पाठ ३० अंशांहून अधिक काळ व अधिक उंच राहिल्यास शरीर खाली ओढले जाते. त्वचा चादरीला चिकटून राहते, पण आतील हाड सरकते. या कर्तन बलामुळे माकडहाडाजवळील ऊतींचा रक्तपुरवठा खुंटतो व शय्याव्रणाचा धोका वाढतो. म्हणून आधी गुडघ्यांचा भाग थोडा उचलून मग पाठ उचलण्याची पद्धत आहे. या दृष्टीने फाउलर खाट सेमी-फाउलर खाटेपेक्षा सरस ठरते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र गुडघे दीर्घकाळ वाकवून ठेवल्यास ते आखडू शकतात. त्यामुळे अशा रुग्णांत ही सोय वैद्यकीय सल्ल्यानेच वापरली जाते.

उंची

खाटेच्या उंचीच्या तीन गरजा परस्परविरोधी असतात. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले, तर उभे राहणे व चाकाच्या खुर्चीत जाणे सोपे जाते. अंग पुसणे, कपडे बदलणे, कूस बदलणे यांसाठी पृष्ठभाग शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेच्या पातळीला हवा असतो. पडण्याचा धोका असलेल्या व्यक्तीसाठी झोपेच्या वेळी खाट शक्य तितकी खाली असणे सुरक्षित असते.

स्थिर उंचीच्या खाटेत यांपैकी एकच गरज भागते. रुग्ण उठू शकत असल्यास त्याच्या पायांच्या लांबीला अग्रक्रम दिला जातो. रुग्ण पूर्णतः परावलंबी असून त्याची शुश्रूषा वयस्कर जोडीदार करीत असल्यास उंची बदलणाऱ्या खाटेचे महत्त्व वाढते, कारण दिवसातून अनेकदा वाकून केलेली कामे शुश्रूषा करणाऱ्यालाच आजारी पाडू शकतात. उंची नेहमी गादीसह मोजली जाते.

लांबी, रुंदी व भारक्षमता

भारतात मिळणाऱ्या खाटा सामान्यतः सुमारे साडेसहा फूट लांब व तीन फूट रुंद असतात. बसल्यावर रुग्णाचा नितंबाचा सांधा पाठीच्या बिजागरीजवळ यावा लागतो. तो तिच्या खाली राहिल्यास पाठ कमरेऐवजी छातीपाशी वाकते.

खाटेवर नोंदवलेली सुरक्षित भारक्षमता ही केवळ रुग्णाच्या वजनाची मर्यादा नसते. तिच्यात गादी व उपसाधनांचे वजनही समाविष्ट असते. उदाहरणार्थ, भारक्षमता १७० किलोग्रॅम, गादी २० किलोग्रॅम आणि उपसाधने १५ किलोग्रॅम असल्यास रुग्णाच्या वजनाची मर्यादा १३५ किलोग्रॅम ठरते. पाण्याची गादी वापरताना हे गणित महत्त्वाचे असते, कारण प्रत्येक लिटर पाण्यामागे एक किलोग्रॅम भार वाढतो.

घरातील जागा

खाट घेण्यापूर्वी जिना, लिफ्ट व दरवाजे यांची मापे घेतली जातात. काही खाटांची चौकट सुटी होते, तर काहींचे केवळ डोक्याकडचे व पायथ्याचे फलक निघतात. खोलीत किमान एका बाजूला चाकाची खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा लागते. परावलंबी रुग्णासाठी दोन्ही बाजूंनी जाता येणे सोयीचे असते. खाट भिंतीला लावल्यास भिंत व गादी यांत फट राहणार नाही याकडे लक्ष द्यावे लागते. विजेच्या खाटेसाठी भूयोजन असलेला सॉकेट जवळ असावा लागतो, तसेच वायर चाकांखाली किंवा हलणाऱ्या भागांत चिरडली जाणार नाही अशी ठेवावी लागते.

हाताने की विजेने

हाताने चालणारी खाट स्वस्त असते, तिची दुरुस्ती सोपी असते आणि ती भारनियमनाच्या काळातही चालते. विजेच्या खाटेमुळे श्रम वाचतात व रुग्णाला स्वतः स्थिती बदलता येते. वीजपुरवठा अनियमित असलेल्या भागात बॅटरी किंवा हाताने सपाट करण्याची सोय असलेली विजेची खाट निवडली जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीकडून चुकीची बटणे दाबली जाण्याची शक्यता असल्याने अशा वेळी रिमोट बंद ठेवण्याची सोय उपयोगी पडते.

गादी

गादी खाटेच्या भागांबरोबर दुमडणारी असावी लागते. घरातील जाड कापसाची गादी नीट दुमडत नाही, त्यामुळे भारतात चार भागांत जोडलेली फोमची गादी वापरतात. शय्याव्रणाचा धोका असलेल्या रुग्णांसाठी तिच्यावर हवेची गादी अंथरली जाते. या गादीतील कप्पे पंपाच्या साहाय्याने आळीपाळीने फुगतात व रिकामे होतात, त्यामुळे शरीराच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही.

हवेची गादी पुरेशी फुगली आहे का हे पाहण्यासाठी रुग्णाच्या माकडहाडाच्या रेषेत गादीखाली तळहात सरकवतात. शरीर व हात यांत सुमारे अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी जाडी उरल्यास गादी दबली आहे असे समजतात. वीज दीर्घकाळ गेल्यास गादीतील हवा हळूहळू कमी होऊ शकते. हवेची गादी कूस बदलण्याला पर्याय नाही. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात आहे, मात्र प्रत्यक्ष अंतर त्वचेची स्थिती पाहून ठरवले जाते.

कठडे व सुरक्षितता

बाजूचे कठडे रुग्ण झोपेत घरंगळू नये यासाठी असतात. भ्रमित व्यक्ती ते ओलांडण्याचा प्रयत्न करते व अधिक उंचीवरून पडते. कठड्याच्या गजांमध्ये, कठडा व गादी यांमध्ये किंवा कठड्याखाली डोके, मान अथवा छाती अडकून गुदमरण्याचेही प्रसंग घडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते १ जानेवारी २००९ या काळात अशा ८०३ घटनांची नोंद झाली. त्यांपैकी ४८० व्यक्तींचा मृत्यू झाला. बाधितांपैकी बहुसंख्य दुर्बल, वृद्ध किंवा भ्रमित होते.

या संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अडकण्याची सात ठिकाणे निश्चित केली. कठड्यातील मोकळ्या जागा, कठड्याखालील जागा आणि कठडा व गादी यांतील फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी असावी, तर कठड्याच्या टोकापाशी त्याच्या खालील फट ६० मिलिमीटरपेक्षा कमी असावी अशी तिची शिफारस आहे. आयईसी ६०६०१-२-५२ हे वैद्यकीय खाटांचे आंतरराष्ट्रीय मानक असून, ते घरगुती शुश्रूषेतील खाटांनाही लागू होते.

खाट एकीकडून व गादी दुसरीकडून घेतल्यास फटी वाढण्याचा संभव असतो. पातळ किंवा अरुंद गादीमुळे बाजूला जागा राहते. उलटपक्षी, फोमवर हवेची गादी घातल्यास रुग्ण उंचावतो व कठड्याची परिणामकारक उंची घटते. फटीत उशा किंवा चादरी कोंबणे हा खात्रीचा उपाय मानला जात नाही, कारण त्या दबतात किंवा सरकतात. पडण्याचा धोका मोठा असल्यास कठड्यांऐवजी अगदी खालच्या उंचीची खाट व शेजारी जमिनीवर गादी हा पर्याय सुचवला जातो.

उपलब्धता

भारतात रुग्णखाटा शस्त्रक्रिया-साहित्याच्या दुकानांतून विकत किंवा मासिक भाड्याने मिळतात. महाराष्ट्रात अनेक सेवाभावी संस्था व न्यास रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात. तेथे खाटा, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या इत्यादी साहित्य अनामत रक्कम घेऊन विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात वापरण्यास दिले जाते. काही आठवड्यांत बरे होण्याची अपेक्षा असलेल्या रुग्णासाठी, तसेच गरजा झपाट्याने बदलणाऱ्या आजारात, भाड्याची खाट सोयीची ठरते. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ यांच्या कक्षेत आली आहेत.

वापरलेली खाट स्वीकारताना वेल्डिंगचे जोड, आट्यांची हालचाल, सर्व चाकांचे ब्रेक, कठड्यांच्या खिट्ट्या आणि गंजलेले भाग तपासले जातात. फोमच्या गादीचे आवरण फाटलेले असल्यास आत द्रव मुरतो व जंतुसंसर्गाचा धोका राहतो.

मर्यादा व पर्याय

प्रत्येक आजारी व्यक्तीला रुग्णखाटेची आवश्यकता नसते. नेहमीच्या पलंगावरून स्वतः उठणाऱ्या व्यक्तीला कठडे असलेल्या उंच खाटेवर ठेवल्यास तिचे हिंडणे-फिरणे कमी होऊन स्नायू दुर्बल होऊ शकतात. अशा वेळी पाठीमागे ठेवायचा सुटा टेकू, पलंगाची उंची वाढवणारे ठोकळे, भिंतीवरील आधारदांडा किंवा शेजारी ठेवलेली कमोड खुर्ची पुरेशी ठरते. एकल खाटेमुळे पती-पत्नींना वेगळे झोपावे लागते, हाही काही कुटुंबांत विचारात घ्यावा लागणारा भाग असतो. निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टर, परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून रुग्णाची हालचाल व घरातील जागा या दोहोंची पाहणी करून घेणे उपयुक्त असते. रुग्णाची स्थिती बदलली की खाटेची उंची, गादी व कठडे यांचा फेरविचार केला जातो.

हे सुद्धा पहा

- शय्याव्रण
- शुश्रूषा
- पक्षाघात
- चाकाची खुर्ची
- परिहारक सेवा